सोन्याला हॉलमार्क, मग खड्याला का नाही?

कोल्हापुरी साजात रूढ मोजणीप्रमाणे एकवीस पानं असतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एकविसावं डोरलं. आज गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, जाऊन साज घेतला तर त्यातल्या सोन्याची बाजू बऱ्यापैकी पक्की झालेली आहे. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. तो क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मोबाइल ॲपमध्ये टाकला की दागिन्याची शुद्धता घरबसल्या पडताळता येते. सुरुवातीला सराफ पेठांतून या सक्तीला बराच विरोध झाला होता. आता तेच दुकानदार पाटीवर हॉलमार्कचं चिन्ह मोठं काढून घेतात.

त्याच साजातल्या माणकाविषयी आणि पाचूविषयी पावतीवर काय असतं? बहुतेक वेळा काहीच नाही, किंवा फार तर 'खडे' असा एक शब्द. तो लाल खडा मोझांबिकच्या खाणीतलं माणिक असू शकतो, कारखान्यातल्या भट्टीत काही तासांत वाढवलेलं माणिक असू शकतो, किंवा लाल काच असू शकतो. दुकानाच्या पिवळ्या दिव्यांखाली तिन्ही सारखेच लाल दिसतात. किमतीत मात्र हजारपटीचा फरक पडू शकतो. हा फरक ग्राहकाला लेखी कळला पाहिजे. तो सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर कायद्याने टाकली पाहिजे, आणि कायदा यायच्या आधी कोल्हापूरच्या सराफांनी आपणहून ती उचलली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

खडा म्हणजे काय आणि तो कसा घडतो हे समजून घेतल्याशिवाय ही मागणी का रास्त आहे ते नीट कळत नाही. त्यासाठी फार लांब जायला नको. राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, बॉक्साइट आहे, त्याच्या खाणींवरून आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. या लालसर, हलक्या दगडाचा मुख्य घटक ॲल्युमिनियम. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, दुसरं जवळजवळ काही नाही. लाल रंग येतो तो एखादा टक्का किंवा त्याहून कमी क्रोमियममुळे. त्याच खनिजात क्रोमियमऐवजी लोह आणि टायटॅनियमचे अंश असले की त्याचा नीलम होतो. माणिक, नीलम आणि पुष्कराज ही तीन वेगवेगळ्या ग्रहांची रत्नं भूशास्त्राच्या दृष्टीने एकाच खनिजाचे तीन रंग आहेत. कुरुंद हे त्या खनिजाचं नाव.

मग सह्याद्रीच्या सड्यावर माणकं का सापडत नाहीत? कच्चा माल पायाखाली आहे, पण तो माणिक व्हायला लागणारा योग इथे जुळून आला नाही. आपला काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि त्यात जवळपास निम्मी सिलिका (वाळूचा मुख्य घटक) आहे. जिथे सिलिका मुबलक असते तिथे ॲल्युमिनियम तिच्याशी जोडलं जातं आणि फेल्डस्पारसारखी साधी खनिजं तयार होतात. कुरुंद तयार व्हायचा तर सिलिका कमी हवी. सड्यावर हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने ती धुऊन नेली आणि बॉक्साइट मागे राहिलं, म्हणजे अर्धं काम झालं. पण पुढे ते खोल गाडलं जाऊन तापलं आणि दाबलं गेलं नाही. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर तसं घडलं. तिथलं जुनं बॉक्साइट संगमरवराच्या थरांत सापडून, तापून दाबलं गेलं आणि त्याची कुरुंदमिश्रित एमरी झाली. सुतार-लोहाराच्या हातातला एमरी पेपर मुळात या दगडाच्या भुकटीचा. कठीणपणा माणकाचा, पण पारदर्शकता नाही आणि रंग नाही, म्हणून रत्न नाही.

ब्रह्मदेशातल्या मोगोकची माणकं जगात सर्वांत नावाजलेली. भारताचा भूखंड आशियाला धडकला त्या उलथापालथीत तिथली चुनखडी दाबली-तापली जाऊन तिचा संगमरवर झाला. त्या चुनखडीत अडकलेल्या थोड्याशा चिकणमातीतून ॲल्युमिनियम आलं, क्रोमियमही आलं, सिलिका कमीच होती आणि लोह जवळजवळ नव्हतं. लोह नसणं फार महत्त्वाचं. लोह असलं की माणकाची लाली मंदावते. ते नसलं की अतिनील प्रकाशात खडा स्वतःच लाल प्रकाश देतो, आणि सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतातच, म्हणून मोगोकचं माणिक उन्हात धरलं की निखाऱ्यासारखं दिसतं. म्हणजे एक टक्का हे असणं आणि अर्धा टक्का ते नसणं, एवढ्यावर सगळं अवलंबून.

पाचूची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याला बेरिलियम लागतं, ते ग्रॅनाइटच्या शेवटच्या, उरल्यासुरल्या रसात साठतं. हिरव्या रंगासाठी क्रोमियम किंवा व्हॅनेडियम लागतं, आणि क्रोमियम सापडतं अगदी वेगळ्या, खोलातून आलेल्या काळपट खडकांत. हे दोन खडक सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. जिथे गेले, किंवा कोलंबियात झालं तसं गरम खारट पाणी काळ्या शेलमधून (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकातून) फिरून दोन्ही घटक गोळा करत गेलं, तिथेच पाचू झाला. अशा धसमुसळ्या जन्मामुळे त्यात भेगा असतातच. स्वच्छ, बिनभेगेचा, मोठा पाचू इतका दुर्मीळ आहे की तो कमी दरात समोर आला तर विकत घेणाऱ्याने आधी शंकाच घ्यावी.

हिरा तर आपल्या नद्यांशी जोडलेला आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा ज्या कृष्णेला मिळते त्याच कृष्णेच्या खालच्या अंगाला, आंध्रात, कोल्लूरसारख्या खाणी होत्या. गोवळकोंड्याचे म्हणून जगभर गाजलेले हिरे तिथल्या गाळातले. ते नदीने घडवले नव्हते. दीडशे किलोमीटरहून जास्त खोलीवर, शंभर-दोनशे कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी कार्बनचा हिरा झाला, ज्वालामुखीच्या एका खास प्रकारच्या उद्रेकाने तो झपाट्याने वर फेकला गेला आणि खडक झिजल्यावर नदीच्या वाळूत येऊन पडला. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला जवळजवळ सगळा हिरा भारतच पुरवत होता.

आता किमतीकडे येऊ. दुर्मीळ म्हणून महाग, असं आपण सर्रास म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात मिळणारा लाल बेरिल नावाचा खडा हिऱ्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे, आणि गुजरीत त्याचं नाव कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. दुसरीकडे, १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचा पूर आला, तरी भाव टिकले, कारण १८८८ साली स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुरवठा आपल्या मुठीत ठेवला आणि पुढे १९४७ साली लिहिलेल्या एका जाहिरातीच्या ओळीने साखरपुडा म्हणजे हिऱ्याची अंगठी हे समीकरण जगाच्या मनात बसवलं. जांभळा ॲमेथिस्ट एकेकाळी युरोपात माणिक-पाचूच्या पंगतीला बसत होता. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधून तो ढिगाने यायला लागला आणि भाव कोसळला. दगड तोच होता.

ओळख बदलली की किंमत कशी बदलते याचं सर्वांत बोलकं उदाहरण ब्रिटिश राजमुकुटावर आहे. समोर मध्यभागी जडवलेलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' हे माणिक नाहीच, तो स्पिनेल नावाचा वेगळा दगड आहे. शेकडो वर्षं राजे तो माणिक म्हणून मिरवत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस खनिजशास्त्रज्ञांनी दोघांतला फरक मांडला, तेव्हा कुठे हे कळलं. राजांच्या जवाहिऱ्यांना डोळ्यांनी ओळखता आलं नाही, तर इचलकरंजीहून मुलीच्या लग्नासाठी आलेल्या बापाला गुजरीतल्या बाकावर बसून ते कसं ओळखता येणार?

शिवाय एकाच दगडाच्या किमतीतही मूळ गाव फरक पाडतं. २०१५ साली जिनिव्हाच्या लिलावात मोगोकचं २५.५९ कॅरेटचं (खड्यांचा कॅरेट हे वजनाचं माप, २०० मिलिग्रॅमचं) माणिक सुमारे तीन कोटी डॉलरला गेलं. २०२३ साली न्यूयॉर्कला मोझांबिकचं ५५.२२ कॅरेटचं माणिक सुमारे साडेतीन कोटी डॉलरला गेलं. दुसरं दुपटीहून मोठं होतं, तरी कॅरेटमागे त्याला पहिल्याच्या निम्म्याच्या आसपासच भाव मिळाला. गावाच्या नावाचा भाव म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर आपल्या चपलेसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा इथे केवढा संताप झाला! तो योग्यच होता. वस्तू कुठली, कशी बनली हे सांगणं हा किमतीचाच भाग असतो, असं आपण तेव्हा जगाला बजावलं. मग आपल्याच पेठेत विकल्या जाणाऱ्या खड्यांना तो नियम आपण लावणार आहोत की नाही?

इथवर निसर्गाने केलेलं सांगितलं. आता माणसाने केलेल्या प्रक्रियांबद्दल, कारण खरी मेख इथे आहे. बाजारात येणारं बहुतांश माणिक आणि नीलम तापवलेलं असतं. श्रीलंकेत 'गेउडा' म्हणतात तो दुधी, फिक्कट, जवळजवळ फेकून देण्याजोगा दगड १९७०च्या दशकापासून थायलंडच्या भट्ट्यांत पंधराशे-सोळाशे अंशांपर्यंत तापवून सुंदर निळा करू लागले. ही प्रक्रिया कायमची टिकते आणि जगभरच्या व्यापाराने ती मान्य केली आहे, पण ती सांगायची अट घालून. न तापवलेला चांगला नीलम तापवलेल्यापेक्षा कितीतरी महाग असतो. त्यापुढची पायरी म्हणजे तापवताना बाहेरून बेरिलियम आत घुसवणं, म्हणजे फिक्या दगडाला पुष्कराजाचा पिवळाधमक किंवा नारिंगी रंग येतो. ही युक्ती २००१-०२ च्या सुमारास बाजाराच्या लक्षात आली, आणि ती ओळखायला साधं भिंग पुरत नाही, प्रयोगशाळाच लागते.

सर्वांत वाईट प्रकार शिशाच्या काचेने भरलेल्या माणकांचा. २००४ च्या सुमारास हे बाजारात आले. भेगाळलेला, निकृष्ट कुरुंद घ्यायचा, त्याच्या भेगांत शिसंमिश्रित काच वितळवून भरायची. दगड अचानक स्वच्छ, पारदर्शक, लालबुंद दिसतो. पण काच ती काचच. लिंबाच्या रसाने ती खाल्ली जाते, भांडी घासायच्या ॲसिडयुक्त पावडरीने पांढरी पडते. अंगठी सैल झाली म्हणून कारागिराकडे नेली आणि त्याने टॉर्चची ज्योत धरली की काच फुटते, खड्यावर जाळं उमटतं. मग दोष कुणाला? कारागिराला. गुजरीच्या माड्यांवर दिवसभर वाकून काम करणाऱ्या, त्यातले कित्येक बंगालहून आलेल्या या मुलांना आपण कशाला ज्योत लावतोय ते कुणी सांगितलेलंच नसतं. नुकसानभरपाई त्यांच्या मजुरीतून कापली गेली तर तो सरळ अन्याय आहे. पावतीवर 'काच भरलेलं माणिक' एवढे तीन शब्द असते तर ग्राहकही जपला असता आणि कारागीरही. खड्याची माहिती लिहिण्याची मागणी नुसती ग्राहकाच्या बाजूची आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

पाचूच्या भेगांत तेल किंवा राळ भरण्याची पद्धत तर इतकी सार्वत्रिक आहे की न भरलेला पाचू हा अपवाद. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण सांगितलं नाही तर माणूस तो गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतो आणि तेल निघून गेल्यावर भेगा उघड्या पडतात.

प्रयोगशाळेतल्या रत्नांविषयी माझी तक्रार अजिबात नाही, हेही स्पष्ट करतो. ओग्युस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली शुद्ध ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या संयुगाची) भुकटी ज्वालेतून सोडून माणिक वाढवण्याची पद्धत जाहीर केली. त्याच माणकांचे बारीक मणी घड्याळांच्या यंत्रात बसवले गेले. आपल्या वडिलांच्या पिढीच्या मनगटावरच्या एचएमटीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, ती रत्नं हीच. १९६० साली जगातला पहिला लेसर चालला तोही अशाच कृत्रिम माणकावर. ही खोटी रत्नं नव्हेत, रासायनिकदृष्ट्या ती माणकंच आहेत. फक्त किलोच्या हिशेबाने तयार होतात आणि अगदी किरकोळ दरात मिळतात. ज्याला लाल खडा शोभेसाठी हवा त्याने ती अवश्य घ्यावीत. खोटेपणा सुरू होतो तो भट्टीतलं माणिक खाणीतलं म्हणून विकताना.

हिऱ्यांत आज हेच मोठ्या प्रमाणावर चालू आहे. १९५४ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा झाला. आता सुरतेत असे हिरे मोठ्या प्रमाणात तयार होतात, आणि २०२३ साली आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच प्रयोगशाळेतला होता. दुकानातलं पेनासारखं तपासयंत्र बहुधा उष्णतावहन मोजतं. प्रयोगशाळेतला हिरा हाही हिराच असल्याने यंत्र 'हिरा' असंच सांगणार. ग्राहक समाधानाने मान डोलावतो. पण गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव जोरात घसरले आहेत, कारण कारखान्यात बनणाऱ्या वस्तूचं उत्पादन वाढवता येतं. तो हिरा मुलीच्या अडीअडचणीला उपयोगी पडेल असं सांगून विकणं ही फसवणूक आहे.

मोडीचा मुद्दा तर प्रत्येक घरातला. सोनं मोडायला नेलं की घट जाऊन त्या दिवसाच्या भावाने पैसे येतात. खड्याचं वजन मात्र सरळ वजा होतं आणि त्याचे पैसे शून्य. विकत घेताना हजारोंनी मोजलेला खडा परत देताना कागदात गुंडाळून हातात ठेवला जातो. त्यातच घेताना खड्याचं वजन वेगळं लिहिलेलं नसेल तर सोन्याच्या भावाने काच घेतल्यासारखं होतं. हॉलमार्कच्या नियमांत निव्वळ सोन्याचं वजन पावतीवर वेगळं दाखवायचं बंधन आहे, ही चांगली गोष्ट. पण कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना सक्तीतून वगळलेलं आहे, आणि खड्यांचा भरणा सर्वांत जास्त त्यांच्यातच असतो.

आता राशीच्या खड्यांबद्दल बोलावंच लागेल. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात. गुजरी मंदिराला लागूनच आहे, आणि परगावचा भाविक खडा घेऊन परत गेला की भांडायला पुन्हा येत नाही. पुष्कराज लग्नासाठी, पोवळं मंगळासाठी, नीलम शनीसाठी. ग्रहांचा खड्यावाटे माणसावर परिणाम होतो याला कुठलाही पुरावा नाही, असं माझं मत आहे आणि शाहू महाराजांच्या, कॉम्रेड पानसऱ्यांच्या गावात ते मोकळेपणाने सांगायला हवं. खड्याने आजार बरा होतो अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्यातही बसत नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दैवी शक्तीचा दावा करून वस्तू विकणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती बेकायदा ठरवल्या आहेत.

तरीही माझी मागणी श्रद्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध उभी नाही. ज्याचा विश्वास आहे त्याचीच यात जास्त लुबाडणूक होते. रत्नशास्त्राच्या परंपरेने दोषरहित, नैसर्गिक रत्न सांगितलं आहे. तिच्या कसोटीवरही काच भरलेलं माणिक, बेरिलियम घुसवलेला पुष्कराज आणि रंगवलेलं पोवळं नापासच. माझी एक जास्तीची अपेक्षा आहे: जो खडा सुचवतो त्याला त्या विक्रीतून कमिशन मिळत असेल तर तेही ग्राहकाला सांगितलं पाहिजे. एमपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नाच्या तोंडावर खोलीभाड्याचे पैसे मोडून नीलम घेणारा मुलगा, नवऱ्याच्या डायलिसिसच्या काळात पोवळं घेणारी बाई, यांना नाही म्हणायची ताकद तेव्हा नसते. त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते.

रत्तीचा घोळही इथलाच. तोळ्याचा शहाण्णवावा भाग म्हणजे सोन्याची रत्ती, सुमारे १२१ मिलिग्रॅम. खड्यांच्या बाजारात चालणारी रत्ती अनेक ठिकाणी सुमारे १८२ मिलिग्रॅमची धरतात. ज्योतिषाने सव्वापाच रत्ती सांगितली तर एका हिशेबाने तो खडा सुमारे ३.२ कॅरेटचा आणि दुसऱ्या हिशेबाने जवळपास ४.८ कॅरेटचा. दहा हजार रुपये कॅरेटचा खडा धरला तर सोळा हजारांचा फरक नुसत्या मापाने पडतो. शिवाय खड्याची किंमत वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. चांगल्या माणकाचा दोन कॅरेटचा एक खडा एकेक कॅरेटच्या दोन खड्यांपेक्षा बराच महाग असतो. त्यामुळे माप चुकलं की दर कॅरेटचा भावही चुकतो.

पावतीवर काय हवं? खडा कुठल्या खनिजाचा, खाणीतला की प्रयोगशाळेतला की नुसती नक्कल. त्यावर कुठली प्रक्रिया झाली आहे. वजन कॅरेटमध्ये, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एककात. सोन्यापासून वेगळी दाखवलेली त्याची किंमत, आणि दुकान तो परत घेणार का, किती टक्क्यांनी. एवढंच.

यावर सराफांचं म्हणणं मी ऐकून आहे आणि त्यात तथ्य आहे. आठशे रुपयांच्या खड्याला प्रयोगशाळेचा दाखला काढायचा तर दाखल्याचा खर्चच खड्याएवढा होईल, आणि चांगल्या प्रयोगशाळा मुंबई-जयपूरला. मान्य. म्हणून प्रत्येक खड्याला दाखला सक्तीचा करा असं मी म्हणत नाही. लेखी विधान सक्तीचं करा. दुकानदाराला प्रक्रिया माहीत नसेल तर त्याने 'प्रक्रिया तपासलेली नाही' असं लिहावं. ते वाचून ग्राहक काय भाव द्यायचा ते ठरवेल. पंचवीस हजारांच्या वर मात्र दाखला हवाच, आणि तो दुकानदाराने निवडलेल्या नव्हे तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा. साध्या तपासणीसाठी गुजरीच्या सराफ संघाने मिळून एक रिफ्रॅक्टोमीटर, सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला माणूस ठेवावा. काच आणि माणिक यांच्यातला फरक रिफ्रॅक्टोमीटर मिनिटभरात दाखवतो, कारण खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते तो मोजतो: माणकाचा हा अपवर्तनांक १.७६ ते १.७७, साध्या काचेचा त्याहून बराच कमी. व्हर्नुईच्या माणकातल्या वक्र रेषा आणि हवेचे बुडबुडे सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सापडतात. हा खर्च एका दुकानाला जड, पण पेठेला मिळून किरकोळ. साज, ठुशी, चिंचपेटी, तन्मणी यांसाठी महाराष्ट्रभरातून माणसं इथे येतात, त्यांच्यासमोर खड्याची खात्री देणारी पहिली पेठ होण्याचा मान कोल्हापूरने सांगलीला किंवा पुण्याला का द्यावा?

दुसरं म्हणणं असं की ग्राहकालाच पावती नको असते, कर वाचवायचा असतो. हेही खरं आहे, आणि ग्राहकांनी हे थांबवलं पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या खड्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात काय पुरावा दाखवणार? पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि मालाच्या दर्जाविषयी खोटं सांगणं हीसुद्धा. म्हणजे दुकानदाराच्या बाजूने ही सबब कायद्यात टिकत नाही.

संपूर्ण देशाला लागू होणारा नियम बीआयएस आणि केंद्र सरकारनेच करायचा आहे, त्याला वेळ लागेल, हॉलमार्कलाही लागला. रत्तीच्या बाबतीत मात्र वाट बघायचं कारण नाही. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे प्रमाणित मेट्रिक एककांखेरीज दुसऱ्या मापात भाव सांगणं आजही चुकीचं आहे. वैधमापन विभागाच्या निरीक्षकांनी दुकानांतले तराजू तपासताना खड्यांच्या ट्रेवरच्या चिठ्ठ्याही बघाव्यात, आणि जिथे भाव रत्तीत लिहिला असेल तिथे तो कॅरेटमध्ये लिहून घ्यावा.